मैलाचे दगड शोधायचे आहेत? मग आधी गणित करा

जुन्या वस्तू शोधायच्या नादाला नशीब लागतं. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड) कुठल्या बांधावर भेटेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि ताम्रपट तर नांगराच्या फाळाला लागेल तेव्हाच वर यायचा. मैलाच्या दगडाचं तसं नाही. हरवलेल्या दगडाचा पत्ता शेजारच्या दगडावर लिहिलेला असतो. चौथा सापडला आणि सहावा सापडला, की पाचवा कुठे असायला हवा हे चहा गार व्हायच्या आत काढता येतं. बहुतेक वेळा तो तिथेच असतो, फक्त दिसत नाही. डांबराखाली गेलेला असतो, गटाराच्या भिंतीत चिणलेला असतो, किंवा शेंदूर फासून देव झालेला असतो.

रविवारी सकाळी सायकल काढून मी हे करतो. पगार मिळत नाही आणि घरचे हसतात. पण नव्याने या नादाला लागणारे अधूनमधून विचारत असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे.

शोधायचं काय?

आधी नजर तयार करू. मैल म्हणजे १,६०९ मीटर. मैलाचे आठ फर्लांग, फर्लांग म्हणजे २०१ मीटर. जुन्या पक्क्या सडकांवर दर मैलाला एक मोठा दगड आणि अनेक ठिकाणी मधे फर्लांगाचे छोटे दगड असत. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत रस्ते हळूहळू मैलांवरून किलोमीटरवर आले. नवे दगड आले, जुने नकोसे झाले. तुम्ही शोधणार ते हे नकोसे झालेले.

नवख्यांची पहिली फसगत फर्लांगाशी होते. आजच्या रस्त्यावर किलोमीटरच्या मधे दर २०० मीटरला छोटा दगड असतो. फर्लांग २०१ मीटरचा. अंतर जवळपास तेच, उंचीही तशीच. ओळखायची खूण आकड्यात आहे: नव्या दगडांवर २, ४, ६, ८ असतं, फर्लांगाच्या दगडांवर १ ते ७. विषम आकडा दिसला की सायकल थांबवायची. आणि डोक्यावर पिवळा किंवा हिरवा रंग असलेला गोल माथ्याचा दगड पाहून हुरळून जायचं नाही. पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, आणि बहुतेक वेळा तो सिमेंटचा निघतो.

मुंबईकरांनी सुरुवात घरापासून करावी, कारण इतका सोपा धडा दुसरीकडे मिळत नाही. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मैल मोजून शहरात काळ्या बसाल्टचे दगड रोवले होते. १८१७ ते १८३७ हा त्यांचा काळ सांगितला जातो. हे चर्च १७१८ साली सुरू झालं. चर्चगेट हे नावही त्याच्याकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून आलेलं. दगडांवर रोमन आकडा आणि सेंट थॉमसपासूनचं अंतर. काळबादेवी, ताडदेव, परळ, दादर अशा भागांत ते आहेत आणि महापालिकेच्या हेरिटेज यादीतही आहेत. पावणेदोनशे-दोनशे वर्षांत रस्ता आणि फुटपाथ इतके वर चढले की चांगले उंच दगड गुडघ्याएवढे उरले होते, काही तर पूर्ण गायब. गेल्या काही वर्षांत पालिकेने त्यातले बरेच उकरून, साफ करून पुन्हा वर आणले. एखादा सुट्टीचा दिवस काढून यातले तीन-चार दगड पायी बघून या. पोत कसा असतो, अक्षर किती खोल असतं, माथा कसा घडवलेला असतो, हे एकदा हाताला कळलं की मग गावाकडच्या रस्त्यावर अर्धा पुरलेला दगडही लांबून ओळखू येतो.

आता बघा, शून्य कुठे आहे

दगडावर ‘बारा’ लिहिलंय, पण कुठून बारा? हे ठरल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. मुंबईत शून्य सेंट थॉमसला. पुण्यात जीपीओजवळ झिरो स्टोन आहे. नागपूरचा झिरो माइल सगळ्यांना ठाऊक असतो, तिथल्या षट्कोनी दगडावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी अंतरं कोरलेली आहेत. पण असा सर्वेक्षणाचा (जमीन-मोजणीचा) शून्य आणि रस्त्याचा शून्य एकच असेल असं गृहीत धरू नका. रस्त्याचे मैल अनेकदा त्या गावच्या पोस्टापासून, कचेरीपासून, वेशीपासून मोजले जात. शिवाय लांबच्या रस्त्यावर दोन टोकांकडून दोन मोजण्या चालत.

गावाचं, स्टॉपचं नाव इथे मोठी मदत करतं. नाशिकहून ओझरकडे जाताना ‘दहावा मैल’ लागतो. नागपूरहून अमरावती रस्त्याला ‘आठवा मैल’. दगड गेला तरी बसचा कंडक्टर रोज त्याचं नाव पुकारतो. अशी नावं तुमच्या तालुक्यातही असतील. एसटीच्या थांब्यांची यादी वाचायला बसा, भजी खात खात वाचण्यासारखी असते. ‘दहावा मैल’ सापडला की उलट्या दिशेने सोळा किलोमीटर मोजा आणि शून्य कुठे पडतो ते पाहा. एकदम नव्या उड्डाणपुलाच्या मधोमध पडला तर दचकू नका. शून्य जुन्या रस्त्याचा आहे, उड्डाणपूल आजचा.

मग रस्त्याची जुनी रेघ

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. दहातले आठ जण ही पायरी गाळतात आणि मग तीन उन्हाळे चुकीच्या रस्त्यावर फिरत बसतात. आजचा रस्ता आणि मैल मोजले गेले तेव्हाचा रस्ता एक नाही. वळणं सरळ केली गेली, पूल हलले, बायपास झाले.

पुणे-मुंबई रस्त्याचंच घ्या. १८३० च्या आधी मुंबईहून लोक होडीने पनवेलला उतरत आणि तिथून पुढे घाट चढत. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० साली भोर घाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. त्याच वर्षीचा अमृतांजन पूल २०२० साली पाडला गेला. द्रुतगती मार्ग २००२ चा, आणि घाटात तो व जुना रस्ता काही अंतर एकच होतात. म्हणजे एकाच डोंगरात दोन शतकांच्या रेघा एकमेकींवर काढलेल्या आहेत. त्या तुकड्यात शोधायला जाऊ नका हेही इथेच सांगतो. द्रुतगतीवर पायी जायला बंदी आहे, आणि दगडासाठी जीव द्यावा इतका तो मोलाचा नाही.

जुनी रेघ तीन ठिकाणी सापडते.

एक, नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंची नकाशे, म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर एक इंच. पुण्याचा भाग ४७ एफ या गटातल्या शीटांवर येतो. पक्क्या सडकेवरचे मैलाचे दगड दाखवायची खूण या नकाशांच्या सूचीतच दिलेली असते. कुठल्या विद्यापीठाच्या भूगोल विभागात, कुठल्या निवृत्त सर्वेअरच्या कपाटात या शीटा मिळतात. न मिळाल्या तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराचे १९५० च्या आसपासचे भारताचे नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यांचं प्रमाण लहान आहे, दगड दिसत नाहीत, पण रस्त्याची वळणं दिसतात.

दोन, गॅझेटिअर, म्हणजे जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाण्याचा तेरावा खंड १८८२ चा, पुण्याचा अठरावा १८८५ चा. रस्ते, पूल, धर्मशाळा, टोलनाके असं सगळं मैलांत लिहिलेलं. महाराष्ट्र शासनाने हे खंड इंटरनेटवर वाचायला ठेवले आहेत. एखादा पूल कितव्या मैलावर हे तिथे लिहिलेलं असेल आणि पूल अजून उभा असेल, तर तुम्हाला दगडाशिवायच एक पक्का बिंदू मिळाला.

तीन, वडाची झाडं. जुन्या सडकेच्या दोन्ही अंगांना वड लावायची रीत होती. शेताच्या मधूनच वडांची दुहेरी रांग चाललेली दिसली आणि मधे कसलाच रस्ता नसला, तर तोच तुमचा रस्ता. गूगल अर्थवर वरून पाहिलं तर ही रांग हिरव्या मण्यांच्या माळेसारखी दिसते. २०२२ पासून आपल्याकडे स्ट्रीट व्ह्यूही आहे, ज्या रस्त्यावर गाडी फिरली असेल तिथे घरबसल्या कडा तपासता येतात.

गणित

हाती दोन दगड आहेत, पाचवा आणि सातवा. मधलं अंतर दोन मैल, म्हणजे ३,२१९ मीटर यायला हवं. आजच्या रस्त्याने मोजा. तीन शक्यता.

बरोबर आलं, तर मधोमध १,६०९ मीटरवर सहावा. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर सोडून शोधा. जुनी मोजणी साखळीची. ६६ फुटांची साखळी, ८० साखळ्यांचा मैल. चढउताराच्या रस्त्यावर साखळी थोडी इकडेतिकडे व्हायचीच. बांधकाम खात्यात रस्त्यावरच्या ठिकाणाला आजही ‘साखळी क्रमांक’ म्हणतात, ते नाव त्याच साखळीचं.

कमी आलं, तर आनंद माना. जुना रस्ता वळसा घेत होता आणि नंतर तो सरळ केला गेला. दगड त्या सोडून दिलेल्या वळणात असणार, आणि तिथे रुंदीकरणाचा बुलडोझर फिरलेला नाही.

जास्त आलं, तर दोनपैकी एक दगड हललेला आहे, किंवा तुम्ही बायपासने मोजलंत.

मोजायला महागडं काही लागत नाही. सायकलच्या चाकाचा घेर टेपने घ्या. माझ्या सायकलचा २.१ मीटर आहे, म्हणजे मैलाला साधारण ७६६ फेरे. हँडलवर सायकल-कॉम्प्युटर असेल तर उत्तम. मोबाइलच्या जीपीएसवर पाच-दहा मीटरची चूक धरूनच चाला, आणि घाटात तर त्याहून जास्त.

दगड रस्त्याच्या कुठल्या बाजूला? सापडलेले शेजारी ज्या बाजूला, आधी तीच बाजू. किलोमीटरच्या दगडांचा नियम असा की मोजणी सुरू होते तिथून पुढे जाताना ते डाव्या हाताला येतात. जुन्या दगडांना तो नेहमी लागू पडेल असं नाही, पण सुरुवात करायला बरा.

मैलकुली

कागद संपले की माणसं. आणि माणसांत पहिला मान मैलकुलीचा. सार्वजनिक बांधकाम खात्यात ठराविक लांबीचा रस्ता सांभाळणाऱ्या मजुराला हे नाव आहे. गवत कापणं, मोऱ्या साफ करणं, खड्डे भरणं आणि दगडांना चुना लावणं हे त्याचं काम. खात्याच्या दप्तरात नसेल ते त्याच्या डोक्यात असतं, कारण त्या दगडाला त्याने वर्षानुवर्षं हाताने रंग दिलेला असतो. उपविभागाच्या कचेरीत जाऊन थेट साहेबांना भेटण्यापेक्षा बाहेर विचारा, जुने मुकादम, जुने मैलकुली कोण निवृत्त झालेत आणि कुठे राहतात. पत्ता लगेच मिळतो.

त्यांच्याशी बोलताना ‘ऐतिहासिक वारसा’ वगैरे शब्द काढू नका. “काका, मैलाचे जुने दगड तुम्ही रंगवलेत का कधी?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. पुढचा अर्धा तास तुम्ही ऐकायचंय.

दुसरा मान रस्त्याकडेच्या जुन्या दुकानदाराचा, तिसरा गुराख्याचा. बायकांना विचारायला विसरू नका. पाणवठा, धुणं, जात्याचे दगड, उंबऱ्याच्या पायऱ्या याबद्दल त्यांना जे माहीत असतं ते पुरुषांच्या ध्यानातही नसतं.

मावळातला एक प्रसंग सांगतो, कारण वरच्या सगळ्या पायऱ्या त्यात आहेत. दोन दगड सापडले होते, त्यांच्यात दोन मैलांचा फरक. आजच्या रस्त्याने मोजलं तर ३,०२० मीटर. दोनशे मीटर कमी. म्हणजे वळसा. एका ढाब्याच्या मागे गेलो तर वडांची रांग वाकून ओढ्याकडे उतरत होती, खाली घडीव दगडांची मोरी, वरून बैलगाडीची वाट. मोरीवर उभं राहून मला वाटलं, आता काय, हातभर अंतरावर आहे. दोन तास गवत चाळलं. काही नाही. वाटेवरून एक म्हातारेबाबा बकऱ्या घेऊन आले.

“काय हारवलंय?”

“बाबा, इथं मैलाचा दगड होता का?”

“त्यो व्हय? त्यो आमच्या आडावर हाय. माझ्या बानं नेला बैलं जुंपून.”

आडावर गेलो. धुण्याचा दगड, वापरून वापरून आरशासारखा गुळगुळीत. एक म्हातारी त्यावर गोधडी आपटत होती. वर अक्षराचा मागमूस नाही. मी बसून कडेखाली बोटं घातली. शेवाळ, गार चिखल, आणि मग बोटाला एक खाच लागली. शेजारी दुसरी. दगड पालथा घातला होता, अक्षरं खाली. म्हातारीने हात थांबवून विचारलं, “नेताय का काय? मग धुणं कुठं धुवायचं?” न्यायचा प्रश्नच नव्हता. मूळ जागा कुठली तेवढी बाबांकडून विचारून घेतली. त्यांनी चिंचेचं एक झाड दाखवलं. जुन्या वळणावरून मोजलं तर गणिताने काढलेली जागा त्या चिंचेपासून वीस-पंचवीस पावलांवर पडत होती.

वहीत लिहिलं: सापडला, जागेवरून हललेला, आडावर, पालथा, वापरात.

जागेवर गेल्यावर

मोसम महत्त्वाचा. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं आणि त्यात जनावरं असतात, जायचंच नाही. शिमग्यानंतर गवत वाळून बसतं, तेव्हापासून मृगापर्यंत हंगाम. सकाळी लवकर निघा. वाहनं कमी असतात आणि उजेड तिरका असतो, ज्याची अक्षरं वाचताना गरज पडते. अंगात भडक रंगाचं जाकीट, पायात बूट, हातात काठी. एकट्याने हमरस्त्यावर जाऊ नका. एकाने दगड बघायचा, दुसऱ्याने ट्रक.

बघायचं कुठे? गटाराच्या भिंतीत, शेताच्या बांधात, फाटकाच्या खांबाला, मोरीच्या कठड्यात, चहाच्या टपरीच्या पायरीला, झाडाच्या बुंध्यात. वड तर दगड गिळतो, पारंब्यांच्या मागे हात घालून बघा (आधी काठी, मग हात). रस्त्याची पातळी वाढलेली असेल तर जमिनीतून चार बोटं वर आलेला गोल किंवा चपटा काळा माथा दिसेल. नैसर्गिक दगडाला इतकी सरळ कड नसते.

मोऱ्यांच्या कठड्यांवरचे आकडेही वाचत चला. ३४/२ असं असेल तर चौतिसाव्या किलोमीटरमधली दुसरी मोरी. जुन्या एखाद्या मोरीवर कोरलेला आकडा आजच्या किलोमीटरशी मुळीच जुळत नसेल तर तो मैलाचा असू शकतो. १.६ ने गुणून बघा.

शेंदूर लावलेला दगड दिसला तर चपला काढा, नमस्कार करा आणि मग लांबूनच बघा. खरवडायचं नाही. पुजारी किंवा शेजारची मावशी असेल तिला विचारा, “देव कुठून आले?” कधी उत्तर मिळतं, “रस्त्यातच होते.” तेवढं पुरे. शेंदराच्या पापुद्र्याखाली अक्षरं सुरक्षित आहेत, सिमेंटच्या पायरीखाली असतात त्यापेक्षा जास्त.

आणि जे मैलाचे नाहीत ते ओळखा. माझा पहिला ‘शोध’ लष्करी छावणीच्या हद्दीचा खांब निघाला. पुणे, खडकी, देवळाली, नगर अशा छावण्यांच्या कडेने असे आकडे घातलेले खांब असतात आणि ते रस्त्याला समांतर चालले की माणूस हमखास फसतो. मी तर मित्रांना पार्टी दिली होती. जंगलखात्याचे हद्दीचे दगड, शेताच्या गटाचे दगड, पाइपलाइनच्या खुणा, बाणाची खूण कोरलेले सर्वेक्षणाचे दगड ही बाकीची मंडळी. तपासणी एकच: आकडा अंतराशी जुळतो का? मैलाच्या दगडाचा शेजारी मैलावरच असतो. हद्दीच्या खांबाचा शेजारी पन्नास पावलांवर भेटतो. घोडेस्वार, चंद्र-सूर्य, हात किंवा गाढव कोरलेलं असेल तर तो वीरगळ, सतीशिळा किंवा गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड). मैलाच्या दगडाहून कितीतरी जुना ऐवज आहे, त्याची नोंद वेगळी करा. कोस मिनार (दर कोसाला उभारलेले मनोरे) मात्र इथे शोधू नका, ते आग्रा-दिल्ली-लाहोर, आग्रा-अजमेर अशा मोगली वाटांवरचे.

अक्षर वाचणं

रोमन आकडे आले पाहिजेत, आणि त्यांना फार काही लागत नाही. उभी काठी (I) म्हणजे एक, खाली टोक असलेलं पाखीसारखं चिन्ह (V) म्हणजे पाच, फुली (X) म्हणजे दहा. चार कधी चार काठ्यांनी लिहितात, कधी काठी-आणि-पाखी असं. झिजलेल्या दगडावर शेवटची काठी पहिली जाते, आठाचा सात होतो. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवण्याआधी अंतराला विचारा. देवनागरी आकड्यांचे दगडही भेटतील. तिथे जुन्या वळणाचा १ आणि ९ यांची गल्लत होते, ५ आणि ६ ची होते. उपाय तोच, अंतर.

वाचायला टॉर्च पुरतो. तो समोरून न मारता दगडाच्या अंगाला चिकटवून आडवा धरा, खाचांत सावली पडते आणि नुसत्या डोळ्याला कोरा वाटणारा दगड बोलायला लागतो. संध्याकाळी, अंधार पडता पडता हे करून बघा, आणि आजूबाजूच्या पोरांना बोलवा, त्यांची नजर आपल्याहून चांगली असते. माती असेल तर साधं पाणी आणि दात घासायचा मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, खिळा, पाना काही नाही. अक्षरात खडू किंवा रांगोळी भरून फोटो काढायची खोड अनेकांना आहे, तीही नको. चुन्याचे थर जाड असले तर असू द्या, त्यांनीच दगड राखलाय. कोकणात दगड जांभ्याचा असेल तर पाणीही जपून, जांभ्यावर अक्षर आधीच नाजूक असतं.

खोदायचं मात्र अजिबात नाही. जमीन रस्त्याची म्हणजे सरकारची आहे, खाली केबल आहे, आणि जमिनीत पुरलेल्या ऐवजाबद्दल १८७८ पासूनचा कायदा आहे. माथा दिसला, जागा जुळली, फोटो काढला, पुरे.

नोंद

फोटो चार बाजूंनी, पाचवा माथ्याचा, सहावा लांबून असा की रस्ता आणि एखादी न हलणारी खूण दोन्ही दिसतील. प्रत्येकात टेप किंवा निदान पाण्याची बाटली, मापाला. उंची (दिसते तेवढी), रुंदी, जाडी. दगडाचा प्रकार. अक्षरं जशी आहेत तशी, दुरुस्त न करता. जीपीएस. रस्त्याची कुठली बाजू, रस्त्यापासून किती पावलं. मूळ जागेवर आहे की हललेला. ज्याने सांगितलं त्याचं नाव वहीत ठेवा, इंटरनेटवर टाकू नका. बाबांच्या आडाचं लोकेशनही मी कुठे टाकलेलं नाही. उद्या कुणी टेम्पो घेऊन जायचा.

उघड्या रस्त्यावर मूळ जागी असलेला दगड मात्र ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर जरूर नोंदवा, तिथे मैलाच्या दगडासाठी वेगळी खूण आहे.

रुंदीकरण येतंय हे कळलं तर

झाडांवर आकडे पडले, कडेला लाल निशाण्या आल्या, की हातात फार तर काही महिने असतात. तेव्हा फेसबुकवर हळहळण्याऐवजी पत्र लिहा. एक बांधकाम खात्याच्या उपविभागीय अभियंत्याला (रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्या प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाला), एक नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला, एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला. प्रत्येकाची पोच घ्या. पत्रात इतिहासावर निबंध नको. साखळी क्रमांक, डावी की उजवी बाजू, दोन फोटो आणि एकच मागणी: काम सुरू करण्याआधी दगड बाजूला काढून, काम झाल्यावर त्याच साखळी क्रमांकावर नव्या कडेला बसवावा. साखळी क्रमांक दिला की अभियंत्याला पत्र कळतं. ‘मोठ्या वडाजवळ’ लिहिलं की ते फायलीत जातं, कारण तोवर वडच राहिलेला नसतो.

साहेबांना भेटून झालं की जेसीबीवाल्यालाही भेटा, चहा पाजा, दगड दाखवा. माझ्या अनुभवात पत्रांनी वाचलेले दगड कमी आहेत, जेसीबीवाल्यांनी उचलून कडेला ठेवलेले जास्त.

पहिल्या रविवारसाठी घरापासून वीस किलोमीटरच्या आतला, ज्याच्यावर मैलाच्या नावाचा एखादा थांबा आहे असा जुना रस्ता निवडा. टेप, टॉर्च, मऊ ब्रश, वही, पाणी. आणि घरी सांगून जा की उशीर होईल, कारण म्हातारी माणसं एकदा बोलायला लागली की जेवल्याशिवाय सोडत नाहीत.